‘सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही’: मुलांना गेमिंग कन्सोल इतका का हवा असतो?

‘जीटीए सिक्स’ (‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतला नवा व्हिडिओ गेम) या गेमसाठी रॉकस्टार कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आणि कन्सोल घ्यायचा की नाही हा अनेक घरांतला जुना वाद पुन्हा पेटला. या मालिकेतला आधीचा गेम २०१३ साली आला आणि त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. नवा गेम जाहीर झाला आहे तो फक्त प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्सच्या सध्याच्या पिढीसाठी. मोबाइलवर तो चालणार नाही. आधीच्या गेमवर युरोपात ‘१८ वर्षांवरील’ असा शिक्का आहे, तरी सहावी-सातवीतल्या मुलांना त्याचं नाव पाठ असतं. आणि प्लेस्टेशन फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तोच मुळी ४९,९९० रुपयांना.

अशा वेळी मुलाचं ‘सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य कानावर आलं की आईबाबांच्या तोंडी दोनपैकी एक उत्तर येतं. ‘उगाच हट्ट करू नकोस’ हे पहिलं, आणि ‘घेऊन टाकू एकदाचं, घरात शांतता तरी राहील’ हे दुसरं. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. मूल नक्की काय मागतंय, हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते ते यंत्र कमी आणि मित्रांच्या बोलण्यात जागा जास्त मागत असतं. हे समजून घेतलं तर हो म्हणणं आणि नाही म्हणणं, दोन्ही बरंच सोपं होतं.

दोन शब्द आधी स्पष्ट करून ठेवू. कन्सोल म्हणजे मुख्यतः गेम खेळण्यासाठी बनवलेलं, बहुतेक वेळा टीव्हीला जोडायचं यंत्र. सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा स्विच ही आजची तीन मोठी नावं. आणि पीअर प्रेशर म्हणजे आपल्या वयाच्या, आपल्या गटातल्या लोकांसारखं वागण्याचा, त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडेही असण्याचा दबाव. पुढे याला नुसता ‘दबाव’ म्हणू.

कुणीच जबरदस्ती करत नाही, मग दबाव कसला?

दबाव म्हटला की डोळ्यांसमोर चिडवणारी, टोमणे मारणारी टवाळ पोरं येतात. तसं कधीकधी होतंही. पण बहुतेक वेळा कुणी काही बोललेलं नसतं.

जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतले डॅनियल हाउन आणि मायकेल टोमासेलो यांनी २०११ साली चार वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येकाच्या हाती चित्रांचं पुस्तक दिलं आणि चित्रातला प्राणी लहान आहे, मधला आहे की मोठा, ते सांगायला लावलं. पुस्तकं सारखीच आहेत असं मुलांना वाटत होतं. प्रत्यक्षात चौथ्या मुलाच्या पुस्तकातली काही चित्रं वेगळी होती. त्यामुळे आधीची तिघं एकमुखाने जे उत्तर देत होती, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी चूक दिसत होतं. तरी बहुतेक मुलांनी निदान एकदा तरी इतरांचंच उत्तर उचललं. उत्तर कुणालाही न कळता द्यायची मुभा मिळाल्यावर मात्र तीच मुलं बरोबर उत्तराकडे जास्त वळली. म्हणजे बरोबर काय ते त्यांना कळत होतं, फक्त चौघांत एकटं वेगळं दिसणं नको होतं. वय चार. अजून शाळेतही न गेलेली मुलं.

मोठी माणसं काही निराळी नसतात. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली. खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि ठरवून चुकीचं उत्तर देत होते. चारांतल्या तीन विद्यार्थ्यांनी निदान एकदा तरी त्या ढळढळीत चुकीला मान डोलावली. ॲश यांचा पुढचा शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी गटातल्या एकाच माणसाला बरोबर उत्तर द्यायला सांगितलं. एवढ्यानेच विद्यार्थ्यांच्या चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. बाजूने बोलणारी अर्धी खोली लागली नाही, एक सोबती पुरला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मुलाला दुसऱ्यांवर कुरघोडी करायची असते का?

‘शेजाऱ्याचं बघून यालाही हवं’ असं म्हणून आपण मागणी निकालात काढतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲलिसन प्यू यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात तीन वर्षं मुलांमध्ये, शाळांमध्ये आणि घरांमध्ये वावरून हे जवळून पाहिलं. तेव्हा मुलांच्या बोलण्यात निन्टेन्डोचा गेम बॉय सारखा यायचा. त्यांना दिसलं ते असं: बहुतेक मुलांना इतरांच्या वर चढायचं नव्हतं. गप्पा सुरू झाल्या की त्यात आपल्यालाही दोन वाक्यं बोलता यावीत, एवढीच धडपड होती. ज्याच्याकडे ती वस्तू नाही, तो त्या पाच मिनिटांपुरता अदृश्य होतो. मग एखादा मुलगा नसलेल्या गेमबद्दल थापा मारतो, एखादी मुलगी ‘माझ्या चुलतभावाकडे आहे’ म्हणून वेळ निभावून नेते.

प्यू यांनी आईवडिलांबद्दलही नोंदवलेलं काही आपल्याकडे थेट लागू पडतं. हातावर पोट असलेली कुटुंबं इतर खर्चांना कात्री लावून नेमकी ही एक वस्तू घ्यायची, कारण पोराला चारचौघांत खाली मान घालावी लागू नये. श्रीमंत घरांत मुलांकडे भरपूर असायचं, पण ‘आम्ही अमुक एक गोष्ट मुद्दाम देत नाही’ असं तिथले पालक अभिमानाने सांगायचे. आपल्या गावात आणि सोसायटीत ही दोन्ही घरं शोधायला लांब जावं लागत नाही. कर्जाच्या हप्त्यावर मुलाला महागडं यंत्र घेणाऱ्या आईबापाला नावं ठेवणं सोपं आहे. ते काय विकत घेतायत हे पाहिलं की ती सहज ठेवली जात नाहीत.

पण आमच्या लहानपणीही हे होतंच की!

होतं, पण त्यात एक फरक पडला आहे, आणि माझ्या मते तो फरक या सगळ्याच्या मुळाशी आहे.

गल्लीत दहा पोरांत एक बॅट असली तरी सामना रंगतो. बॅटवाल्याची पहिली बॅटिंग, आणि तो रुसून घरी गेला की खेळ बंद, एवढा जाच सोसावा लागतो. पण बाकीच्या नऊ जणांच्या बापांना बॅट घ्यावी लागत नाही. जुना व्हिडिओ गेम असाच होता. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला तो दोन कंट्रोलर घेऊनच. नव्वदीच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला आपल्या बाजारांत ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेल्या, आणि एका घरात तो आला की आजूबाजूची पोरं सतरंजीवर गोळा व्हायची. कॅसेटवर फुंकर मारायची, मारिओ किंवा कॉन्ट्रा लावायचा, एक मेला की रिमोट दुसऱ्याच्या हातात. १९९६ च्या निन्टेन्डो सिक्स्टीफोरला तर चार कंट्रोलर लावायची सोय होती.

मग इंटरनेट आलं. एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा २००२ मध्ये सुरू झाली, प्लेस्टेशनची २००६ मध्ये. आता मित्र एकमेकांशी खेळतात ते आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून. बरेच गेम एका टीव्हीसमोर बसून दोघांना खेळताच येत नाहीत. म्हणजे मित्रांमध्ये सामील व्हायचं तर यंत्र स्वतःचं लागतं, बऱ्याचदा गेमही स्वतःचा लागतो, आणि विकतचा गेम ऑनलाइन खेळायला सहसा पैसे भरून सदस्यत्वही घ्यावं लागतं. पूर्वी टोळीमागे एक यंत्र पुरायचं, आता ते डोक्यामागे एक लागतं.

अर्थशास्त्रात याला ‘नेटवर्क इफेक्ट’ म्हणतात: एखादी वस्तू जितक्या जास्त जणांकडे, तितका तिचा प्रत्येकाला उपयोग जास्त. या वाक्याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. वस्तू जितकी पसरते, तितकं ती नसलेल्याचं नुकसानही वाढतं. मागच्या वर्षी एका मित्राने कन्सोल घेतला तेव्हा तुमच्या मुलाचं काही बिघडलं नव्हतं. यंदा चौथ्याने घेतला आणि संध्याकाळी मैदानावर यायलाच कुणी उरलं नाही. तुमचं मूल तेच आहे, हट्टी झालेलं नाही. त्याच्या आजूबाजूचं खेळायचं ठिकाण हलवलं गेलं आहे.

‘सगळ्यांकडे’ म्हणजे नेमके किती जणांकडे?

बहुतेक वेळा थोड्या जणांकडे, आणि तरी मूल खोटं बोलत नसतं.

समजा वर्गात ४० मुलं आहेत आणि कन्सोल फक्त पाच जणांकडे आहे. हे पाच जण वर्गातले सर्वांत जास्त मित्र असलेले असतील तर काय होईल? तुमच्या मुलाचे सहा जवळचे मित्र, त्यांत या पाचांपैकी चार. त्याच्या नजरेने मोजलं तर सहांत चार, म्हणजे जवळजवळ सगळेच. वर्गाच्या हिशोबाने चाळीसांत पाच. दोन्ही आकडे खरे आहेत. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं होतं की सरासरीने पाहिलं तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण लोकप्रिय माणूस अनेकांच्या यादीत मोजला जातो. त्यामुळे अशा मुलांकडे असलेली वस्तू असते त्यापेक्षा खूप जास्त पसरलेली वाटते. त्यात ज्यांच्याकडे नाही ते गप्प बसतात, म्हणून त्यांची मोजणी होतच नाही.

म्हणून ‘सगळ्यांकडे’ ऐकल्यावर ‘कोण सगळे?’ असं उलटतपासणीच्या सुरात विचारू नये, पण शांतपणे बसून नावं जरूर काढावीत. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही. दुसरी यादी मोठी निघाली तर ती मुलाने स्वतः पाहिलेली बरी.

यात कंपन्यांचा हात किती?

बराच, आणि तो लपलेलाही नाही. कन्सोलच्या धंद्यात यंत्रावर फार पैसा मिळत नाही. २००६ चा प्लेस्टेशन थ्री तर सोनी सुरुवातीला तोट्यात विकत होती. कमाई होते ती गेम, सदस्यत्व आणि गेममधल्या खरेदीतून. मग यंत्र शक्य तितक्या घरांत घुसवणं आणि मुलाला ‘आमच्याच’ यंत्रावर ठेवणं हा सगळा खटाटोप. मारिओ फक्त निन्टेन्डोच्याच कन्सोलवर खेळता येतो तो यासाठी.

१९८९ नंतर अमेरिकेत सेगा कंपनीने निन्टेन्डोला नाव घेऊन डिवचणाऱ्या जाहिराती केल्या आणि शाळांच्या मैदानांवर मुलांचे दोन तट पडले. एवढ्याशा फरकावरून तट पडतात का? हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना ‘तुम्हाला हा चित्रकार जास्त आवडला की तो’ असल्या फुटकळ कारणावरून दोन गटांत टाकलं होतं. गटात आपल्याबरोबर कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी बक्षिसाचे पैसे वाटताना त्यांनी आपल्याच गटाला झुकतं माप दिलं. मग ज्या यंत्रासाठी घरात महिनाभर भांडण झालं, त्याच्या नावाने मूल भांडणार नाही तर काय.

संस्कार पक्के असतील तर मूल बळी पडत नाही, खरं ना?

घरच्या वळणाचा परिणाम होतोच, पण वयापुढे त्याची मर्यादा आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढची माणसं गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळली. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की जोखीम घ्यायची, एवढाच प्रश्न. एकटे असताना तिन्ही वयोगट साधारण सारखेच वागले. मागे दोन मित्र उभे केले तर मोठ्यांच्या वागण्यात फरक पडला नाही, कुमारवयीन मुलांची जोखीम मात्र जवळपास दुप्पट झाली. स्टाइनबर्ग यांच्याच २००७ च्या अभ्यासात दिसलं की मित्रांच्या दबावापुढे टिकण्याची ताकद मुख्यतः १४ ते १८ या वयात हळूहळू वाढते.

म्हणजे कन्सोलची मागणी जिथे सर्वांत जोरात येते, त्या १०-१३ च्या वयात ही ताकद अजून यायची असते. त्या मुलाला ‘तुला स्वतःचं डोकं नाही का?’ विचारणं मला कठोर वाटतं.

मग घ्यावा का?

घेतला तर मूल बिघडेलच, असं म्हणायला आधार नाही. कोरोनाकाळात जपानमध्ये कन्सोलचा इतका तुटवडा झाला की दुकानदार चिठ्ठ्या काढून ते विकू लागले. संशोधकांना ही आयती संधी मिळाली, कारण यंत्र कुणाला मिळालं हे नशिबावर ठरलं होतं. १० ते ६९ वयोगटातल्या ९७,६०२ जणांच्या माहितीवर आधारित हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना कन्सोल मिळाला त्यांचा मानसिक ताण थोडा कमी आणि समाधान थोडं जास्त होतं. दिवसाला तीन तासांच्या पुढे हा फायदा ओसरत गेला. अर्थात तो काळ घरात कोंडून राहण्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

व्यसनाची भीतीही पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्याची व्याख्या कडक आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असणं. रविवारी चार तास खेळलेलं मूल त्यात बसत नाही.

सरकारने बंदी घालावी, असंही कुणी म्हणेल. चीनने २००० साली कन्सोलची विक्री बंद केली होती. मुलं कॉम्प्युटरवर आणि नेट कॅफेत खेळू लागली. २०१४-१५ मध्ये ती बंदी उठली, आणि २०२१ मध्ये सरकारला पुन्हा अल्पवयीनांच्या ऑनलाइन गेमिंगला फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना, तेही दिवसाला एकच तास, असं बंधन घालावं लागलं.

निर्णय पैशाचा असेल तर तो पैशाचा म्हणून मुलाला स्पष्ट सांगावा. ‘आपल्याला हे परवडत नाही’ हे वाक्य मुलं समजतात. ‘तुला कशाला हवं ते’ हे वाक्य त्यांना लागतं. मात्र नाही म्हटल्यावर आपलं काम संपत नाही, कारण मुलाची मूळ गरज तशीच उरते. इथे ॲश यांचा तो एक सोबती कामाला येतो. ज्याच्याकडे कन्सोल नाही असा एक मित्र, ज्याच्याबरोबर रोजचं काहीतरी ठरलेलं आहे, मग ते क्रिकेट असो, कॅरम असो की सायकल, एवढं असलं तरी एकटेपणा पुष्कळ कमी होतो. अशी मैत्री जुळायला वेळ आणि दार उघडं असलेलं घर लागतं, आणि ते देणं आपल्या हातात आहे.

याहून मोठा उपाय पालकांनी मिळून करायचा आहे, आणि तोच सर्वांत कमी होतो. प्रत्येक घर एकटं एकटं निर्णय घेतं, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच मागे पडतोय. चार मित्रांच्या आयांनी किंवा बाबांनी एकदा बोलून ठरवलं की सातवीपर्यंत कुणीच घ्यायचा नाही, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी शनिवारी सगळे जमतील आणि एकाच टीव्हीवर चौघांना खेळता येणारे गेम आणायचे, तर दबाव जिथे तयार होतो तिथेच तो कमी होतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढायला संकोच वाटतो, हे मान्य. पण दुसऱ्या बाजूलाही बहुतेक वेळा तोच संकोच असतो.

घेतला, आता दबाव संपला ना?

नाही, तो यंत्रातून गेममध्ये शिरतो. ‘फोर्टनाइट’ हा गेम २०१७ साली आला, खेळायला फुकट. त्यात पैसे भरून आपल्या पात्राला वेगळा पोशाख घेता येतो, त्याला ‘स्किन’ म्हणतात. स्किनमुळे खेळात काडीचाही फायदा होत नाही. तरी जी मुलं फुकटच्या मूळ पोशाखात खेळायची, त्यांना इतर मुलं ‘डिफॉल्ट’ म्हणून चिडवू लागली. जिथे गेमची किंमत शून्य केली, तिथेही आत येण्याची किंमत दुसऱ्या रूपाने उभी राहिली.

या गेमची मालक कंपनी एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी) ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या प्रकरणात होते आणि २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते, कारण बटणांची रचनाच अशी असल्याचा आरोप होता की चुकून किंवा आईवडिलांच्या नकळत खरेदी व्हावी. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाईची तरतूद आहे.

म्हणून कन्सोल घरी आला की पहिल्याच दिवशी, गेम लावण्याआधी, मुलासाठी वेगळं खातं उघडा आणि ते पालकांच्या खात्याला जोडा. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत खेळण्याचा वेळ, वयाचा शिक्का आणि खरेदी यांवर बंधन घालायची सोय आहे. खरेदीची मर्यादा शून्यावर ठेवा, कार्डाचा नंबर मुलाच्या खात्यात साठवू नका, आणि स्किनसाठी वर्षाला किती रक्कम द्यायची ते मुलाबरोबर बसून आधीच ठरवा. ती रक्कम दिवाळीला किंवा वाढदिवसाला एकदाच द्या. शक्य असेल तर त्याच्या मित्रांच्या घरीही तेवढीच रक्कम ठरेल असं पाहा.